मार्सेय पहिल्यांदा बघताना : कुठून सुरुवात करायची, काय आधी, काय नंतर

मार्सेय हे फ्रान्समधलं सर्वांत जुनं शहर. इ.स.पू. 600 च्या सुमाराला आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या फोकेया गावाचे ग्रीक दर्यावर्दी इथल्या खाडीत शिरले आणि त्यांनी मासालिया वसवलं. तेव्हापासून हे बंदर चालूच आहे. तरीही स्टेशनातून उतरून बंदरावर आलेला नवखा माणूस पहिल्या तासात हिरमुसतो. समोर शिडाच्या खासगी होड्यांची गर्दी, दोन्ही अंगांना हॉटेलं, 1950 च्या दशकातल्या इमारती. 2600 वर्षं कुठे गेली?

बरीचशी जमिनीखाली गेली, काही पाण्याखाली आणि काही 1943 मध्ये सुरुंगाने उडवली गेली. म्हणून इथे नकाशावरच्या खुणा एकेक करून गाठण्यापेक्षा क्रम लावून फिरावं. आधी जमिनीखालचं बघितलं की वरचं शहर आपोआप कळायला लागतं. खालचा क्रम दोन पूर्ण दिवसांचा आहे. एकच दिवस असेल तर कुठे कात्री लावायची तेही सांगतो.

आधी वार आणि वारा बघा

महापालिकेची संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि बंदराच्या तोंडावरचं ‘म्यूसेम’, म्हणजे युरोप आणि भूमध्य प्रदेशातल्या संस्कृतींचं मोठं संग्रहालय, मंगळवारी. त्यामुळे रविवारी रात्री पोचून सोमवार-मंगळवार फिरायचा बेत केलात तर दोन्ही दिवशी कुठलं तरी दार बंद मिळेल. बुधवार ते रविवार यातले दोन दिवस उत्तम. महापालिकेच्या संग्रहालयांतले कायमस्वरूपी संग्रह फुकट बघता येतात, तात्पुरत्या प्रदर्शनांना तेवढं तिकीट पडतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी म्यूसेमही फुकट असतं, पण त्या दिवशीची रांग बघून फुकटचं महाग वाटू शकतं.

दुसरा विषय वाऱ्याचा. उत्तरेकडून ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून मिस्त्राल नावाचा कोरडा, झोंबरा वारा सुटतो आणि कधी कधी दिवसच्या दिवस थांबत नाही. आकाश निळंशार, ऊन स्वच्छ आणि तरी बेटावरच्या बोटी रद्द, हे दृश्य इथे नेहमीचं. शातो दीफचा बेट-किल्ला बघायचा असेल तर तो शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका. ज्या सकाळी वारा पडलेला असेल ती सकाळ त्याची, मग बाकीचा क्रम मागेपुढे झाला तरी चालेल.

सॅं शार्ल स्टेशनातून बाहेर पडताना मेट्रोकडे न वळता आधी समोरच्या रुंद जिन्यावर या. 104 पायऱ्यांचा हा जिना 1920 च्या दशकात बांधला. पायथ्याशी वसाहतींचे पुतळे आहेत, त्यातला एक आशियाचा. स्त्री पहुडलेली, सेवेला मुली. फ्रेंच साम्राज्य स्वतःकडे कसं बघत होतं हे त्या एका पुतळ्यात दिसतं. सामान जड असेल तर मात्र मेट्रोची लाइन 1 पकडा, दोन स्टेशनांवर व्यू पोर, म्हणजे जुनं बंदर.

पहिला थांबा : मॉलमागचं संग्रहालय

बंदरापासून पाच मिनिटांवर सांत्र बूर्स नावाचं खरेदी संकुल आहे. त्याच्या पायासाठी 1967 मध्ये खोदकाम सुरू झालं आणि ग्रीक तटबंदी, रोमन रस्ता आणि प्राचीन बंदराचा एक अख्खा कोपराच वर आला. बराच वाद झाला, शेवटी संकुलही उभं राहिलं आणि अवशेषही वाचले. आज तिथे मार्सेयचं इतिहास संग्रहालय आहे आणि त्याला लागून उघड्यावर ते प्राचीन बंदर. आता तिथे पाण्याऐवजी गवत आहे, पण धक्क्याची दगडी कड स्पष्ट दिसते. बंदराचं पाणी एके काळी इथवर येत होतं, हे त्या कडेवर उभं राहिल्याशिवाय पटत नाही.

आत दोन गोष्टींसाठी वेळ राखा. पहिली, रोमन काळातलं व्यापारी जहाज. ते 1974 मध्ये याच जागी चिखलात सापडलं. ओलं लाकूड हवेत सुकून भुगा होऊ नये म्हणून अख्खा सांगाडा गोठवून त्यातलं पाणी काढून टाकलं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते : नगरभवनामागच्या ज्यूल व्हेर्न चौकात 1990 च्या दशकात सापडलेल्या इ.स.पू. सहाव्या शतकातल्या ग्रीक होड्या. त्यातल्या एकीच्या फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत, त्या दोऱ्याने शिवलेल्या आहेत. शिवलेली गलबतं अरबी समुद्रात आपल्याकडेही चालत. 2025 मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेलं, गोव्यात बांधलेलं ‘कौंडिण्य’ त्याच जुन्या पद्धतीचं. कोकणातून किंवा गोव्यातून आलेल्या माणसाने या होडीपुढे जरा जास्त रेंगाळावं.

1720 च्या प्लेगचा भागही वगळू नका. लेव्हांतहून, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून, कापड घेऊन ‘ग्रां सॅंतांत्वान’ नावाचं जहाज आलं. वाटेतच खलाशी मरत होते, तरी माल लवकर उतरवला गेला, कारण त्या मालात शहराच्या प्रमुख कारभाऱ्याचेही पैसे अडकलेले होते. पुढे शहरातली जवळजवळ निम्मी माणसं गेली. त्या जहाजाचा नांगर संग्रहालयाकडे आहे. प्रवेशाजवळच विचारून घ्या.

इथे दोन तास लागतात. एकच दिवस असेल तरी हे दोन तास कापू नका.

बंदराची उत्तर बाजू : जे उडवलं आणि जे सुटलं

आता बंदरावर या. धक्क्याच्या टोकाला वास्तुकार नॉर्मन फॉस्टरने 2013 मध्ये बांधलेलं आरशाचं छप्पर आहे, खाली उभं राहून स्वतःला उलटं बघायला लहानमोठे सगळे थांबतात. सकाळी इथेच कोळ्यांच्या टपऱ्या लागतात. मासळी बघायची असेल तर उशीर करू नका. जमिनीत एक धातूचा फलक बसवला आहे, ग्रीक खलाशी इथे उतरले असं सांगणारा. लोक त्याच्यावर पाय देऊन जातात.

बंदराकडे तोंड केलं की उजवीकडची बाजू ती उत्तरेची. तिथल्या एकसारख्या, पिवळसर दगडाच्या इमारती बघून कंटाळा येईल, पण त्या एकसारख्या का आहेत ते समजून घ्या. जानेवारी 1943 मध्ये जर्मनांनी फ्रेंच पोलिसांच्या मदतीने हा सगळा जुना मोहल्ला वेढला. सुमारे 20,000 माणसं घराबाहेर काढली, त्यातल्या ज्यूंसह अनेकांना छळछावण्यांकडे पाठवलं आणि फेब्रुवारीत सुमारे 1500 इमारती सुरुंग लावून पाडल्या. अरुंद गल्ल्यांमध्ये प्रतिकारकर्ते लपतात, हे कारण दिलं गेलं. युद्धानंतर त्या मोकळ्या जागेवर आजच्या इमारती आल्या.

मोजक्या वास्तू सोडल्या गेल्या. सतराव्या शतकातलं नगरभवन पाण्यासमोरच आहे. मागे हिऱ्यासारखे पैलू पाडलेल्या दगडांचं ‘मेझों दियामांते’. आणि 1535 मधलं काब्र घर, ज्याची गंमत वेगळीच : नव्या रस्त्याच्या रेषेत बसेना म्हणून 1954 मध्ये ते अख्खं घर उचलून काटकोनात फिरवलं.

त्याच विध्वंसाच्या ढिगाऱ्याखालून 1947 मध्ये रोमन गोदाम सापडलं. ते जागेवरच ठेवून वर इमारत बांधली. हे रोमन गोद्यांचं छोटं संग्रहालय. माणूस आत उभा राहील एवढे मातीचे रांजण जमिनीत रोवलेले आहेत, बहुधा दारूचे. अर्धा तास पुरतो. बंदराच्या तोंडावरच्या सॅं जॉं किल्ल्याच्या पायथ्याशी जर्मनांनीच बांधलेल्या बंकरमध्ये हद्दपार केलेल्यांचं स्मृतिस्थळ आहे. लहान मुलं बरोबर असतील तर तिथल्या छायाचित्रांचा विचार करून आत जा.

चढ : ल पानिए आणि भिकाऱ्यांचा महाल

नगरभवनामागून पायऱ्या चढल्या की ल पानिए. ग्रीकांची मूळ वस्ती याच टेकाडावर होती. पुढे ती खलाशांची, मग इटली, कॉर्सिका, उत्तर आफ्रिकेतून आलेल्या गरिबांची झाली. आता भिंतींवर चित्रं आहेत, साबणाची दुकानं आहेत, भाडी वाढलेली आहेत. साबण घ्यायचा तर बंदराजवळच्या दुकानांत रंगीत, सुगंधी वड्या मिळतात त्या सोडा आणि 72 टक्के तेलाचा छाप असलेला चौकोनी हिरवा ठोकळा घ्या. तो ऑलिव्ह तेलाचा असतो.

टेकाडाच्या माथ्यावर व्हिएय शारिते. मार्सेयमधली माझी सर्वांत आवडती इमारत हीच. शहराचाच शिल्पकार-वास्तुकार प्येर प्यूजे याने आराखडा केला, बांधकाम 1671 ला सुरू होऊन 1749 पर्यंत चाललं. तीन मजली कमानींचा चौक, मधोमध लंबगोल घुमटाचं चर्च. इतकी देखणी वास्तू बांधली कशासाठी, तर रस्त्यावरचे भिकारी पकडून कोंडायला. विसाव्या शतकात ती इतकी मोडकळीला आली होती की पाडायचीच वेळ आली होती. मग दुरुस्ती झाली आणि ती 1986 पर्यंत पुरी झाली. आत भूमध्य पुरातत्त्व संग्रहालय आहे, त्यातला इजिप्तचा संग्रह खरोखर मोठा आहे. वरच्या मजल्यावर आफ्रिका, ओशनिया आणि अमेरिकेच्या कलावस्तू. तिथे सजवलेल्या मानवी कवट्यांची एक खोली आहे, ज्यांना सोसवत नाही त्यांनी ती चुकवावी. काही बघायचं नसेल तरी चौकातल्या सावलीत बसा, त्याला तिकीट नाही.

म्यूसेममध्ये मागच्या दाराने शिरा

बहुतेक लोक म्यूसेमला खालून, समुद्राच्या बाजूने, उन्हात रांगेत उभे राहून जातात. तुम्ही पानिएतून सॅं लोरां या कोळ्यांच्या जुन्या चर्चपाशी या. तिथून एक पादचारी पूल थेट सॅं जॉं किल्ल्यात उतरतो. किल्ल्यात प्रवेश फुकट. पंधराव्या शतकातला चौकोनी बुरूज, 1644 चा गोल दीपस्तंभ, भूमध्य प्रदेशातल्या वनस्पतींची बाग, हे बघत बघत दुसऱ्या टोकाला जा. तिथून समुद्रावरून जाणारा शंभर मीटरहून लांब, काळा, बारीक पूल म्यूसेमच्या गच्चीवर पोचवतो. त्यावरून चालताना मिस्त्राल असेल तर टोपी हातात घ्या.

समोरच्या काठावर सॅं निकोला किल्ला दिसतो. तो चौदाव्या लुईने 1660 मध्ये बांधायला घेतला आणि त्याच्या तोफांचा रोख शहराकडेही ठेवला. मार्सेयने राजाविरुद्ध डोकं वर काढलं होतं, ते पुन्हा काढू नये म्हणून.

म्यूसेम 2013 मध्ये उघडलं. वास्तुकार र्यूदी रिचोत्ती. काँक्रीटची जाळी इतकी नाजूक आहे की आत उन्हाच्या नक्ष्या पडतात. स्पष्टच बोलायचं तर मला इमारत तिच्यातल्या प्रदर्शनांपेक्षा नेहमी सरस वाटते. गच्ची आणि भिंत-जाळीमधल्या उतरत्या वाटा तिकिटाशिवाय फिरता येतात. विषय आवडीचा असेल तरच आतलं तिकीट काढा.

शेजारीच पाण्यावर झुकलेली पांढरी इमारत आहे, तिच्यात कोस्केर गुहेची प्रतिकृती आहे. मूळ गुहेचं तोंड समुद्रात 37 मीटर खोल. आंरी कोस्केर या पाणबुड्याने ती शोधली आणि 1991 मध्ये जाहीर केली. हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून अधिक खाली होता, तेव्हा माणसं चालत आत जात. भिंतीवर घोडे, रानबैल, हाताचे ठसे आणि पेंग्विनसारखे दिसणारे, आता नामशेष झालेले समुद्रपक्षी आहेत. मूळ गुहेत पाणी चढत असल्याने प्रतिकृती हाच सामान्य माणसाचा मार्ग. छोट्या गाडीत बसवून फिरवतात, वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं. मुलांना हे सगळ्यात आवडतं. मोठ्यांनी खर्चाचा अंदाज घेऊन ठरवावं.

मागे पट्ट्यापट्ट्यांचं भव्य कॅथेड्रल ‘ला माजोर’. 1852 ते 1893 मध्ये बांधलेलं. आत गारवा असतो, दहा मिनिटं बसा आणि निघा. त्याला चिकटून असलेलं बाराव्या शतकातलं जुनं चर्च या बांधकामासाठी अर्धंअधिक पाडलं, हे बाहेरूनच दिसतं.

सावरकरांची उडी : कुठे शोधायची

मराठी माणूस इथे आला की हा प्रश्न येतोच. आपल्या पुस्तकांत ‘मार्सेलिस’ म्हणून भेटणारं बंदर हेच. 8 जुलै 1910 रोजी सकाळी ‘मोरिया’ बोटीच्या शौचकूपाच्या खिडकीतून विनायक दामोदर सावरकरांनी समुद्रात उडी घेतली, पोहत धक्का गाठला आणि फ्रेंच भूमीवर पाय ठेवला. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून परत ब्रिटिशांच्या हवाली केलं. परक्या देशाच्या भूमीवरून कैदी असा उचलून नेता येतो का, यावर प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेलं आणि 24 फेब्रुवारी 1911 ला निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला.

व्यू पोरच्या होड्यांमध्ये ही जागा शोधू नका. मोठ्या आगबोटी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच उत्तरेच्या जोलियेत आणि त्यापुढच्या नव्या गोद्यांत लागत. कॅथेड्रलच्या ओट्यावरून उत्तरेला तोंड करून उभं राहिलात की फेरी बोटींचा तो सगळा पट्टा दिसतो. आत चालू बंदर आहे, वाटेल तिथे जाता येत नाही. एवढं दर्शन पुरेसं मानावं.

याच बंदरात सप्टेंबर 1914 च्या अखेरीला लाहोर डिव्हिजनचे भारतीय सैनिक उतरले आणि थंडीच्या तोंडावर आघाडीवर रवाना झाले. दक्षिणेला माझार्ग इथे राष्ट्रकुल युद्धस्मशानभूमीत भारतीयांचं स्मारक आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधान मोदी आणि अध्यक्ष माक्राँ तिथे गेले होते. त्याच भेटीत मार्सेयमध्ये भारतीय वाणिज्य दूतावासही सुरू झाला. माझार्गला जायला रोंप्वॅं द्यु प्रादोपर्यंत मेट्रो आणि पुढे बस. जाऊन येऊन अर्धा दिवस धरा.

दुसरा दिवस : दक्षिण काठ

सकाळी नगरभवनासमोरून छोटी फेरी घ्या. बंदराच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर, काही मिनिटांत. तिथून चालत सॅं व्हिक्तोरचा मठ. बाहेरून तटबंदीचा किल्लाच वाटतो, कारण चौदाव्या शतकात तसाच मजबूत केला. खरा मठ तळघरात आहे. पाचव्या शतकापासूनची भुयारं, कोरीव दगडी शवपेट्या, अंधारातली मेरीची काळी मूर्ती. तळघराचं तिकीट अगदी किरकोळ, ते वाचवायला जाऊ नका. शेजारच्या गल्लीत 1781 पासून चालू असलेल्या भट्टीत होडीच्या आकाराची, संत्र्याच्या फुलांच्या वासाची नाव्हेत बिस्किटं मिळतात. कडक असतात, कॉफीत बुडवावी लागतात. 2 फेब्रुवारीला इथे मोठी जत्रा असते, हिरव्या मेणबत्त्या आणि बिस्किटं घ्यायला पहाटेपासून झुंबड.

तिथून नोत्र दाम द ला गार्दला चढ आहे. गुडघे दुखत असतील तर बंदरावरून 60 नंबरची बस थेट वर जाते. टेकडी सुमारे दीडशे मीटर उंच, चर्च 1864 चं, माथ्यावर 11.2 मीटरची सोनेरी मेरी. गावचे लोक तिला ‘बोन मेर’, म्हणजे भली आई म्हणतात आणि ज्यांचा चर्चशी संबंध नाही तेही म्हणतात. आत नवस फेडल्याच्या पाट्या आहेत, छतापासून लटकवलेली जहाजांची छोटी रूपं आहेत, वादळातून सुटलेल्यांनी काढवून घेतलेली चित्रं आहेत. बाहेरच्या भिंतीवर ऑगस्ट 1944 च्या मुक्तीच्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. चर्च चालू आहे, खांदे झाकलेले असावेत.

शातो दीफ आणि गोव्याहून निघालेला गेंडा

बोटी व्यू पोरवरून सुटतात, वीसेक मिनिटांचा प्रवास. बोटीचं तिकीट वेगळं, किल्ल्याचं वेगळं. फ्रान्समध्ये शिकणाऱ्या 26 वर्षांखालच्यांनी राहण्याचा परवाना जवळ ठेवावा, किल्ल्यात मोफत सोडतात. बेटावर सावली नाही, पाणी बरोबर घ्या. हिवाळ्यात किल्ला आठवड्यातून एखादा दिवस बंद असतो, तेही आदल्या दिवशी बघा.

बहुतेक लोक इथे आलेक्सांद्र द्यूमाच्या ‘काउंट ऑफ मोंटे क्रिस्टो’ या कादंबरीतल्या कैद्याची कोठडी बघायला येतात. कोठडी दाखवतातही, भिंतीला भोकही पाडून ठेवलंय. कैदी काल्पनिक होता, पण इथे डांबलेले प्रोटेस्टंट आणि 1871 च्या कम्यून नावाच्या उठावातले बंडखोर खरे होते.

मला मात्र इथे गेंडा आठवतो. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने तो पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिला. आल्बुकर्कने जानेवारी 1515 मध्ये तो गोव्याहून जहाजावर चढवून लिस्बनला राजा मानुएलकडे धाडला. राजाने तो पुढे पोपला नजराणा म्हणून रवाना केला आणि 1516 च्या सुरुवातीला जहाज या बेटापाशी थांबलं. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा तेव्हा मार्सेयला होता, तो मुद्दाम गेंडा बघायला बेटावर आला. काही वर्षांनी त्याच राजाने इथे किल्ला बांधून घेतला. गेंडा बिचारा पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने न बघताच त्याचं चित्र कोरलं आणि युरोप दोन-अडीचशे वर्षं त्या चित्रालाच गेंडा समजत राहिला.

खाणं, आणि वेळ उरला तर

मासे न खाणाऱ्यांची बंदरावर थोडी पंचाईत होते, पण ‘पनीस’ विचारा. चण्याचं पीठ शिजवून, थापून, कापून तळलेलं. पाटवडी तळली तर जशी लागेल तसंच, फक्त फोडणी नाही. लिंबू आणि मिरपूड घेऊन खा. भाज्यांचं ‘सूप ओ पिस्तू’ही चालतं, मात्र त्यात चीज असतं आणि कधी मांसाचा तुकडाही, विचारून घ्या. बुयाबेस हे प्रसिद्ध माशांचं कालवण घ्यायचं असेल तर स्वस्तात देणाऱ्या पाट्यांना भुलू नका. खरं बुयाबेस महाग असतं आणि पुष्कळदा आधी सांगून ठेवावं लागतं.

अर्धा दिवस हाताशी असेल तर लोंगशांचा महाल. ड्युरान्स नदीचं पाणी कालव्याने शहरात आणल्याचा हा 1869 चा जल्लोष, मधे कारंजी, एका अंगाला चित्रसंग्रहालय, दुसऱ्या अंगाला निसर्ग-इतिहासाचं. चित्रसंग्रहालयाच्या जिन्यातली दोन मोठी भित्तिचित्रं बघा : एकात ग्रीक मासालिया, दुसऱ्यात पूर्वेचं दार झालेलं मार्सेय. एकच दिवस असेल तर लोंगशां, कोस्केर आणि बेट तिन्ही सोडा. सकाळी इतिहास संग्रहालय, दुपारी पानिए आणि सॅं जॉं किल्ला, संध्याकाळी 60 नंबरच्या बसने नोत्र दाम द ला गार्द. शेवटची बस किती वाजता उतरते ते वर गेल्या गेल्या थांब्यावर वाचून ठेवा, नाहीतर उतार पायी.